पदवीचा अभ्यासक्रम बदलतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की स्टाफरूममध्ये आणि वर्गात एकच प्रश्न फिरत असतो: 'सर, सिलॅबस बदलला म्हणे?' मी एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि एक टर्म विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर) काढली आहे. विद्यार्थी, नव्याने लागलेले शिक्षक आणि क्वचित पालक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ज्यांना लागू आहे त्या विद्यापीठांपुरती आहेत, म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर वगैरे. कृषी विद्यापीठं आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचे कायदे वेगळे आहेत.

अभ्यासक्रम ठरवतं कोण? सरकार, यूजीसी की विद्यापीठ?

तिघंही, पण तिघांचं काम वेगळं. यूजीसी, म्हणजे केंद्राचा विद्यापीठ अनुदान आयोग, सांगाडा देते: पदवीला किती श्रेयांक (क्रेडिट) लागतात, किती वर्षं, मधून बाहेर पडता येतं का. राज्य सरकार शासन निर्णय काढून तो सांगाडा इथल्या महाविद्यालयांना बसवतं. त्या सांगाड्यावर मांस चढवायचं, म्हणजे कुठल्या पेपरात काय शिकवायचं, कुठली पुस्तकं, किती प्रात्यक्षिकं हे ठरवायचं, ते काम विद्यापीठातल्या शिक्षकांचं.

ताजं उदाहरण नव्या शैक्षणिक धोरणाचं. केंद्राने धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर केलं. यूजीसीचा पदवीचा आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये आला. राज्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ चा. त्या जूनपासून विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयं नव्या रचनेत गेली आणि जून २०२४ पासून आपली साधी संलग्नित महाविद्यालयं. तारखा नीट बघा. २० एप्रिलला निर्णय आणि जूनमध्ये वर्ग सुरू. अभ्यास मंडळांच्या हातात मधला मे महिना, तोही सुट्टीचा.

अभियांत्रिकीला एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद), विधीला बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, वास्तुशास्त्राला त्यांची परिषद अशा शिखर संस्था वर असतात. तिथे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे हात बरेच बांधलेले असतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला त्या मानाने मोकळीक आहे.

प्रस्ताव कुठून निघतो आणि कुठे पोचतो?

अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद. पैशाचा, शुल्काचा किंवा अध्यादेशाचा (विद्यापीठाच्या नियमांचा) मुद्दा असेल तर पुढे व्यवस्थापन परिषद. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला एक अधिष्ठाता (डीन). शेवटी शैक्षणिक विभाग परिपत्रक काढतो आणि ते संकेतस्थळावर चढतं. आपल्या हातात येतो तो हाच शेवटचा कागद. त्याच्या आधीचे कागद फारसे कोणी बघत नाही.

अभ्यास मंडळावर कोण असतं?

साधारण डझन-दीड डझन माणसं. विद्यापीठातल्या विभागाचा प्रमुख पदसिद्ध असतो. काही शिक्षक नामनिर्देशित होतात. संलग्नित महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांमधून तीन जण निवडून येतात. बाहेरच्या विद्यापीठातला प्राध्यापक, उद्योगातली किंवा त्या क्षेत्रातली तज्ज्ञ मंडळी घेतली जातात. अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडला जातो आणि मुदत पाच वर्षांची असते. निवडणुका लांबल्या तर मधल्या काळात तदर्थ मंडळं कारभार बघतात, आणि असा मधला काळ येतोच.

ही निवडणूक अगदी निवडणुकीसारखीच असते. पॅनेल, संघटना, फोनाफोनी, 'सर, आपलं लक्ष असू द्या', सगळं. मतदार मोजके, त्यामुळे प्रत्येक मत नावानिशी ठाऊक असतं. चांगली माणसं यातूनही निवडून येतात हे सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते खरं वाटत नाही.

बैठकीत नेमकं होतं काय?

विषयपत्रिका ठरलेली. पहिला विषय मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. शेवटचा, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. अभ्यासक्रमाचा मसुदा बहुतेक वेळा बैठकीत लिहिला जात नाही. आधी तीन-चार जणांची उपसमिती नेमतात, तीच लिहिते. मंडळासमोर मसुदा येतो तेव्हा तो प्रोजेक्टरवर असतो, पानं भराभर वर सरकत असतात आणि माणसं चहाचा कप सांभाळत बघत असतात.

माझ्या पहिल्याच बैठकीत दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाचा पेपर होता. प्लेन टेबल सर्वेक्षण (जागेवर टेबल मांडून हाताने नकाशा करणं) काढून त्या जागी संगणकावरचं जीआयएस (नकाशाला माहिती जोडणारी प्रणाली) घालायचं, असा उपसमितीचा प्रस्ताव. एक ज्येष्ठ सर उखडले. 'ज्याला तिपाईवर टेबल मांडून बुडबुडा मधोमध आणता येत नाही, तो नकाशा काय वाचणार?' समोरचे तरुण प्राध्यापक म्हणाले, 'सर, आता शेतकरीसुद्धा मोबाइलवर आपला बांध बघतो.' पाऊण तास हे चाललं. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी जे नेहमी होतं ते झालं. निम्मे तास प्लेन टेबल, निम्मे तास जीआयएस. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला सत्रात साठ तास असतात. त्याचे तीस-तीस झाले. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव एकमताने संमत.

त्या पाऊण तासात एकानेही विचारलं नाही की महाविद्यालयांमध्ये संगणक किती आहेत. मीही नाही विचारलं. नवा होतो, गप्प बसलो. जूनमध्ये माझ्याच महाविद्यालयात वीस मुलांची बॅच आणि सहा संगणक, त्यातले दोन बंद. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे खरं, पण ते चालवायला संगणक सुरू व्हावा लागतो. मुलं पाच-पाचच्या टोळीने एका पडद्यासमोर उभी राहायची. माऊस एकाच्या हातात, बाकीचे चौघे बघे. मी मंडळावर होतो हे मुलांना माहीत होतं. एकीने विचारलं, 'सर, हे तुम्हीच ठरवलं ना?'

याच बैठकीत क्षेत्रभेटीचा पेपर अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. एसटीचं भाडं, मुक्काम, मुलींच्या पालकांची परवानगी, यावर एक शब्द नाही. ज्या विषयावर प्रत्येकाला मत असतं तिथे वेळ जातो, आणि ज्याने महाविद्यालयाचं वर्षभर कंबरडं मोडणार ते सरकत्या पानांबरोबर वर निघून जातं.

श्रेयांकांचं गणित काय असतं?

एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तास व्याख्यान किंवा तीस तास प्रात्यक्षिक. पदवीचं एक सत्र साधारण वीस ते बावीस श्रेयांकांचं. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, मात्र त्यासाठी ठरलेले जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात.

२०२३ च्या शासन निर्णयातल्या पहिल्या सत्राचा नमुना असा होता: मेजर विषयाचे ६, ओपन इलेक्टिव्हचे (दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयाचे) ४, कौशल्याचे ४, भाषेचे २, मूल्यशिक्षणाचे २, भारतीय ज्ञानप्रणालीचे २ आणि सहअभ्यासक्रमाचे २. बेरीज बावीस. आता यातला मेजरचा आकडा बघा. ज्या विषयात मूल पदवी घेणार त्याचे पहिल्या सत्रात बावीसपैकी सहा. अभ्यास मंडळ ज्यावर खरोखर अधिकाराने बोलू शकतं तो तुकडा एवढाच. बाकीचे सोळा श्रेयांक कोण शिकवणार, कोण पेपर काढणार, यावर गेली दोन-तीन वर्षं जे घोळ झाले ते सगळ्यांनी भोगले आहेत. पुढे मार्च २०२४ मध्ये सरकारने रचनेत बदल केले, आणि ज्यांनी आधीचे तक्ते छापून भिंतीवर लावले होते त्यांनी ते उतरवले.

चूक इथेच शिरते. तक्त्यात एका ठिकाणी प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक आणि समोर तास तीसच लिहिलेले असतात, साठ हवे असताना. किंवा सत्राची बेरीज एकवीस भरते. ही चूक अभ्यास मंडळातून, विद्याशाखेतून, विद्या परिषदेतून सुखरूप पार पडते आणि ऑगस्टमध्ये वेळापत्रक लावणारा कारकून ती पकडतो. मग शुद्धिपत्रक.

दोन श्रेयांकांसाठी शिक्षक एवढे का भांडतात?

कारण श्रेयांक म्हणजे तास, तास म्हणजे कार्यभार आणि कार्यभार म्हणजे पद. हे बाहेरच्यांना कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास थेट अध्यापन हवं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना चौदा. दोन सहायक प्राध्यापकांच्या विभागाला बत्तीस तास दाखवावे लागतात. चार श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे आठवड्याला चार तासिका. समजा अभ्यासक्रम बदलताना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा एकेक पेपर गेला, तर आठ तास गेले. उरले चोवीस. मग विभागातले एक सर निवृत्त झाले की ते पद भरलं जात नाही, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, तेही दिवाळीनंतर. अशा वेळी अभ्यास मंडळात 'हा पेपर कालबाह्य झाला आहे' असं कोणी म्हटलं की समोरचा मनातल्या मनात वेळापत्रक उघडतो. त्याला दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. पण मग चर्चा विषयाच्या नावाने होते आणि निर्णय नोकरीच्या हिशेबाने, आणि इतिवृत्तात त्यातलं काहीच उमटत नाही. उघडपणे म्हणता आलं असतं, की पेपर जुना झालाय पण माणसं टिकवायची आहेत, तर कदाचित दोन्ही जमलं असतं.

ओपन इलेक्टिव्हच्या बास्केटमध्ये, म्हणजे निवडीच्या यादीत, याचीच दुसरी बाजू दिसते. दुसऱ्या शाखेची मुलं आपल्याकडे खेचायची असतील तर पेपरचं नाव आकर्षक हवं. 'हवामानशास्त्राची मूलतत्त्वे' कोणी घेत नाही. 'पर्यटन भूगोल' भरतो. आत दोन प्रकरणं हवामानाचीच असतात, ही गोष्ट वेगळी.

विद्याशाखा आणि विद्या परिषद फक्त शिक्का मारतात का?

बऱ्याचदा हो, आणि त्यात गैर काही नाही, निदान पूर्णपणे नाही. विद्या परिषदेच्या एका बैठकीपुढे पन्नास-शंभर अभ्यासक्रम असू शकतात. कुलगुरू अध्यक्ष, सगळे अधिष्ठाते, काही प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक, बाहेरचे तज्ज्ञ. रसायनशास्त्राच्या माणसाने पाली भाषेच्या पेपरात काय सुचवावं? तिथे बघायचं असतं ते चौकटीचं: श्रेयांक बसतात का, परीक्षेचं अंतर्गत-बहिस्थ प्रमाण नियमात आहे का, दोन विद्याशाखांचे पेपर एकमेकांवर चढतात का, प्रवेशाची पात्रता कुणावर अन्याय करते का.

विद्याशाखेच्या टप्प्याला लोक किरकोळ समजतात, पण खरी भांडणं मी तिथेच पाहिली. 'पर्यावरण' हा विषय कोणाचा? भूगोलाचा, वनस्पतिशास्त्राचा की अर्थशास्त्राचा? एकच पेपर तीन मंडळांनी तीन नावांनी आणला की अधिष्ठात्यांना पंच व्हावं लागतं. या टप्प्यावर दुरुस्त्या सुचवून मसुदा अभ्यास मंडळाकडे परत पाठवता येतो. व्हायला हवं तितक्या वेळा ते होत नाही, कारण परत पाठवला की जून हुकतो.

परिपत्रकात 'कलम १२(७) अन्वये' असं लिहिलेलं असतं. ते काय?

तातडीची बाब असेल आणि संबंधित प्राधिकरणाची बैठक होईपर्यंत थांबता येत नसेल, तर कुलगुरू त्या प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेऊ शकतात, ती ही तरतूद. नंतर तो निर्णय त्या प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. म्हणजे विद्या परिषदेची बैठक व्हायची आहे, प्रवेश तोंडावर आलेत, अभ्यासक्रम तयार आहे. कुलगुरू मान्यता देतात आणि परिषद पुढच्या बैठकीत ती नोंदवून घेते.

कायद्यात अशी खिडकी हवीच. तक्रार आहे ती वापराबद्दल. जी तातडी आपणच उशीर करून निर्माण केली, तीही या खिडकीतून बाहेर पडते. आणि खिडकीतून नुसतं आत येत नाही, बाहेरही टाकता येतं. २०१० साली, म्हणजे जुन्या १९९४ च्या कायद्याखाली, मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी दुसऱ्या वर्षाच्या बीएच्या इंग्रजीतून काढली गेली. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला होता आणि तेव्हाच्या कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरले. पुस्तकाबद्दल तुमचं मत काहीही असो. ज्या पुस्तकाला अभ्यास मंडळापासून वर चढायला सगळे जिने चढावे लागले होते, ते उतरताना लिफ्टने उतरलं.

व्यवस्थापन परिषद आणि अधिसभा यांचा यात काय संबंध?

व्यवस्थापन परिषदेचा संबंध येतो तो अध्यादेश, शुल्क, पदं आणि खर्च यांमुळे. तिने पेपर दोनमधलं तिसरं प्रकरण बदलू नये, आणि सहसा बदलत नाही. अधिसभा (सिनेट) अर्थसंकल्पावर बोलते, प्रश्न विचारते, गाजते. अभ्यासक्रम मंजूर करणं तिचं काम नाही. वर्तमानपत्रात बातमी मात्र अधिसभेचीच येते.

एखादं संदर्भपुस्तक बदलायलाही एवढा प्रवास?

नाही. पुस्तकांची यादी, घटकांचा क्रम, छपाईची चूक अशा गोष्टी अभ्यास मंडळ ठराव करून अधिष्ठात्यांकडे पाठवतं आणि काम होतं. श्रेयांक, पेपरचं नाव, परीक्षेची रचना, पात्रता यांना हात लागला की पूर्ण जिना. मधल्या गोष्टींबद्दल, उदाहरणार्थ एक संपूर्ण प्रकरण वगळणं, विद्यापीठागणिक रिवाज वेगळा आहे. अध्यक्षांना विचारण्यात कमीपणा मानू नका.

संदर्भपुस्तकांवरून एक सांगतो. आमच्या यादीत एक मराठी पुस्तक वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होतं. ते बाजारातून कधीच गेलेलं होतं, ग्रंथालयात एकुलती एक प्रत, तिची शिवण सुटलेली. प्रत्येक नव्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमाच्या नव्या आवृत्तीत) यादी जुन्या फाइलमधून उचलून चिकटवली जायची. हे मी शोधून काढलं म्हणून मिरवणार होतो, तेवढ्यात ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, 'सर, दहा वर्षं सांगतेय मी, पण ग्रंथपालाला बैठकीला बोलावतं कोण?'

किती वेळ लागतो? आणि परिपत्रक नेहमी उशिरा का?

सगळं सरळ झालं तर जुलै-ऑगस्टमध्ये विचार सुरू व्हावा, दिवाळीपर्यंत मसुदा, जानेवारीत अभ्यास मंडळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्याशाखा आणि विद्या परिषद, एप्रिलमध्ये परिपत्रक. असं कधीतरी घडतंही. पहिलं वर्ष या जूनला, दुसरं पुढच्या, तिसरं त्याच्या पुढच्या, असा बदल टप्प्याने येतो. म्हणून एका महाविद्यालयात एकाच वेळी दोन पॅटर्न नांदतात. पुण्यात अभियांत्रिकीची मुलं स्वतःची ओळखच पॅटर्नने सांगतात, '२०१५चा', '२०१९चा', आणि आता '२०२४चा'.

उशीर का, याचं उत्तर कंटाळवाणं आहे. वरून निर्णय उशिरा येतात. परीक्षा, पेपर तपासणी आणि अभ्यास मंडळाची बैठक एकाच महिन्यात येतात आणि माणसं तीच असतात. उपसमितीत तिघं असले तरी टाइप करणारा एकच असतो. परिपत्रक आल्यावर एखादं महाविद्यालय 'अभ्यासक्रम पुनर्रचना कार्यशाळा' भरवतं. तिथे जिल्हाभरचे शिक्षक जमतात, जेवण चांगलं असतं, प्रमाणपत्र मिळतं आणि शंका विचारल्या जातात. त्या शंका अतिशय मोलाच्या असतात. फक्त त्या मंजुरीनंतर विचारल्या जातात. हीच कार्यशाळा मसुद्यावर घ्या, असं मी दोनदा सुचवलं. एकदा घेतली. त्या वर्षी शुद्धिपत्रक निघालं नाही.

जुन्या पॅटर्नचे विषय राहिलेत. माझं काय?

घाबरू नका. नवा अभ्यासक्रम आला तरी जुन्याच्या परीक्षा ठरावीक संधींपर्यंत चालू राहतात. त्या संपल्या की समकक्षता लावतात: जुना अमुक पेपर म्हणजे नवा तमुक. हा समकक्षतेचा तक्ता अभ्यास मंडळच करतं. किती संधी, हे तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर विसंबू नका, परीक्षा विभागाचा कागद बघा. एटीकेटी घेऊन (काही विषय राहूनही) पुढच्या वर्षाला गेलात आणि पुढचं वर्ष नव्या पॅटर्नचं असेल, तर महाविद्यालयाच्या परीक्षा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा कितीही देखणा असो, समकक्षतेचा तक्ता जोडलेला नसेल तर तो अर्धवट आहे, असं मी मानतो. तो तक्ता बहुधा सगळ्यात शेवटी आणि घाईत होतो.

आमचं महाविद्यालय स्वायत्त आहे. तिथे कसं?

तिथे हाच जिना महाविद्यालयाच्या आत असतो: प्रत्येक विभागाचं अभ्यास मंडळ, महाविद्यालयाची विद्या परिषद, वर नियामक मंडळ. अभ्यास मंडळात आणि विद्या परिषदेत विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ बसतात. पदवी विद्यापीठाचीच मिळते. काम झटपट होतं, कारण माणसं एकाच इमारतीत असतात. धोकाही तोच. विभागप्रमुखाच्या खोलीत चौघांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही, आणि बाहेरचा तज्ज्ञ ऑनलाइन येऊन 'फारच छान' म्हणून जातो. स्वायत्त महाविद्यालयात असाल तर बाहेरच्या तज्ज्ञाला मसुदा आठ दिवस आधी पाठवा. बैठकीच्या सकाळी पाठवलेला मसुदा कोणी वाचत नाही.

आमच्या महाविद्यालयात नवा विषय सुरू करायचा आहे. त्यालाही अभ्यास मंडळच?

हा घोळ फार होतो. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलणं वेगळं आणि तो आधीच असलेला विषय आपल्या महाविद्यालयात सुरू करणं वेगळं. दुसऱ्यासाठी बृहत् आराखडा (कुठे काय सुरू करायचं याची विद्यापीठाची योजना), कलम १०९ खालचा संस्थेचा प्रस्ताव, विद्यापीठाची छाननी आणि राज्य सरकारची परवानगी असा मार्ग आहे. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना भेटून त्यात काही होणार नाही. त्यांनी चहा पाजला तरी.

आणि अगदी नव्या नावाची पदवी?

पदवीचं नाव यूजीसीच्या यादीतलंच हवं. यूजीसी कायदा १९५६ चं कलम २२ तसं सांगतं. विषयाचं नाव कंसात हवं ते असू द्या, पण 'बॅचलर ऑफ अमुक' हे मनाने जन्माला घालता येत नाही. प्रवेश घेताना नाव अनोळखी वाटलं तर ही यादी जरूर बघा.

मंजूर झालेला अभ्यासक्रम रद्द होतो का?

होतो. सर्वांत गाजलेलं उदाहरण दिल्लीचं. दिल्ली विद्यापीठाच्या विद्या परिषदेने डिसेंबर २०१२ मध्ये चार वर्षांची पदवी मंजूर केली, २०१३ मध्ये प्रवेश झाले आणि जून २०१४ मध्ये यूजीसीच्या आदेशानंतर ती मागे घेतली. एक अख्खी बॅच मधल्यामध्ये पुन्हा तीन वर्षांच्या रचनेत बसवावी लागली. विरोध करणाऱ्या शिक्षकांचा पहिला आक्षेप घाईचा होता. गंमत म्हणजे २०२२ पासून तिथे चार वर्षांची पदवी परत आली, नव्या धोरणाच्या नावाने.

गोव्यात हेच नियम आहेत का?

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, स्वतंत्र. अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद तिथेही आहेत, वर कार्यकारी परिषद आहे. कलमांचे क्रमांक इथले लावू नका.

मी मंडळावर नाही. माझं म्हणणं कुठे आणि कधी मांडू?

मसुदा अभ्यास मंडळात जाण्याआधी. एकदा तिथून पुढे गेला की फक्त स्वल्पविराम बदलतात. उपसमिती नेमली की तिचं नाव-गाव अध्यक्षांकडून कळतं. शिक्षक असाल तर विभागप्रमुखाच्या सहीने आणि प्राचार्यांमार्फत पत्र द्या. विद्यार्थी असाल तर थेट अध्यक्षांच्या नावे द्या, प्रत अधिष्ठात्यांना. काय ठरलं ते कळत नसेल तर माहिती अधिकारात इतिवृत्त मागता येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायला हवं.

पत्रात 'अभ्यासक्रम अवघड आहे' लिहू नका, त्याचं काहीच करता येत नाही. आकडे लिहा. मसुदा घ्या, आपल्या महाविद्यालयाचं सोमवारचं वेळापत्रक शेजारी ठेवा आणि एकेक तास त्यात बसवून बघा. कुठे बसत नाही ते लिहा. त्या जीआयएसच्या पेपरनंतर दोन वर्षांनी घाटमाथ्यावरच्या एका महाविद्यालयातून पत्र आलं होतं, पानभरसुद्धा नाही. 'संगणक चार. विद्यार्थी अठरा. वीज दुपारी दोननंतर. सॅटेलाइट इमेज छापून दिल्यास हेच प्रात्यक्षिक कागदावर होऊ शकते, नमुना सोबत जोडला आहे.' सोबत ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढलेला त्यांच्याच गावाचा भूवापर नकाशा होता. अध्यक्षांनी तो सगळ्यांना फिरवला. प्लेन टेबलवाल्या सरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, 'हा घ्या पर्याय म्हणून. सूचक मी.' आज त्या पेपरात प्रात्यक्षिक क्रमांक सातच्या खाली 'किंवा' आहे, तो त्या पत्रामुळे.